तळघरातला जपान

बिल्डिंगच्या नातूरकडे, म्हणजे आम्हा राखणदारांकडे, लोक काय काय ठेवून जातात! किल्ल्या, पार्सलं, इस्त्रीचे कपडे. संध्याकाळपर्यंत ज्याचं तो घेऊन जातो. किस्से न्यायला मात्र कुणी परत येत नाही. दुबईच्या अल मनखूलमध्ये इतकी वर्षं दाराशी बसलोय, आता एकाला हात घातला की चार बाहेर येतात. आज फक्त तळघरातल्या मुलींचे सांगतो.

*

एका शनिवारी दुपारी तळघरातल्या हॉलमधून तलवारींचा खणखणाट आणि पुरुषांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. आग विझवायचं लाल सिलिंडर उचललं, बिस्मिल्ला म्हटलं आणि दार ढकललं.

आत अंधार. सहा मुली ओळीने बसलेल्या, हातात रंगीत दिवे, तोंडातून शब्द नाही. समोर पडद्यावर जपानी पोरं तलवारी फिरवत होती. कुणाचे केस जांभळे, कुणाचे हिरवे. आणि फिरवता फिरवता गात होती!

तिसऱ्या मजल्यावरच्या शिरीनने ओठांवर बोट ठेवलं. "चाचा, शू! नाटक चालू असताना जपानमध्ये कुणी आवाज करत नाही."

मी सिलिंडर मांडीवर घेऊन मागे बसलो. जांभळ्या केसवाल्याच्या छातीत तलवार घुसली. तो पडला, उठला आणि एक अख्खं गाणं म्हणाला.

"मेला ना हा?" मी हळूच विचारलं.

शेजारी पाचव्या मजल्यावरची अदिती होती. इथेच जन्मलेली पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. म्हणाली, "नॉट येट, अंकल. ही डाइज प्रॉपरली आफ्टर इंटरव्हल!"

*

मी एकदा शिरीनला विचारलं, "बाळ, आपले सिनेमे काय कमी आहेत? ते समजतात तरी."

ती म्हणाली, "चाचा, ही माणसं आधी कॉमिकच्या पुस्तकात असतात. कागदावरची. मग एक दिवस तीच स्टेजवर येतात, गातात, धावतात. त्यांना घाम येतो, चाचा! घाम दिसतो!"

हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी. आता घामासाठी रडणारी पोर मी दुबईत पहिल्यांदाच बघितली. इथे तर आम्ही तो पुसून पुसून म्हातारे झालो!

*

शिरीनला जपानला जायचं होतं, तिथल्या भाषेच्या शाळेत. तीन वर्षं नाटकं बघून, वह्या भरून ती जपानी शिकली होती. बाकीच्या मुलींना भर नाटकात कानात अर्थ सांगायची; अदितीला तर ते डायलॉग अर्थासकट पाठ झाले होते.

तिचे वडील सत्तारभाई, आमच्या रत्नागिरीकडचेच. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये जुन्या जपानी इंजिनांचा धंदा. त्यांनी शाळेचा फॉर्म हातात धरून, खाली माझ्यासमोरच तिला थांबवलं.

"पंधरा वर्षं जपान्यांशी धंदा करतोय, मला 'थँक यू'च्या पुढे येत नाही. आणि तू नाचगाणी बघून शिकलीस?"

"हो, अब्बा."

"ठीक. पुढच्या महिन्यात जपानहून आमचे इंजिनवाले तानाकासाहेब आपल्याकडे जेवायला येतायत. त्यांच्याशी बोल. ते म्हणाले पोरीला जपानी येतं, तर मी सही करतो. नाही म्हणाले तर खलास! अकाउंट्सचा कोर्स. मग रडायचं नाही."

"इन्शाल्ला," शिरीन म्हणाली.

"इन्शाल्ला काय? तयारीला लाग!"

*

तयारी तळघरातच सुरू झाली. तानाकासाहेब कोण होणार? मी! मला खुर्चीत बसवलं, मांडीवर फाइल दिली. अदिती परीक्षक.

"अंकल, आस्क फॉर वॉटर," अदिती म्हणाली.

मी पाणी मागितलं. शिरीनने एक गुडघा टेकला, छातीवर मूठ ठेवली आणि अशी काही गरजली की मी खुर्चीसकट मागे सरकलो!

"काय म्हणाली?"

अदितीने कपाळाला हात लावला. "शी सेज, जर तुम्ही आमच्या राजाशी गद्दारी केली, तर…" रागाच्या भरात पोर चक्क मराठीत बोलायला लागली. "तर ती तुम्हाला याच मातीत गाडेल!"

तेव्हा आम्हाला कळलं, घोटाळा कुठे आहे. शिरीनचं सगळं जपानी तलवारवाल्यांचं होतं. लढाईत मरायचं कसं ते तिला येत होतं. "बसा, जेवा, भात आणखी वाढू का?" हे येत नव्हतं. नाटकात भात कोण वाढतंय!

मग महिनाभर एकच वाक्य. 'या साहेब, आपलं स्वागत आहे.' साधं, घरातलं. येता-जाता, लिफ्टमध्ये, जिन्यात, रोज शंभर वेळा. मलासुद्धा पाठ झालं!

*

त्याच दिवसांत त्या जांभळ्या केसवाल्याच्या नाटकाचा शेवटचा खेळ आला. थेट जपानहून दिसणार, दुपारी एकला. आणि पाऊण वाजता बिल्डिंगचं इंटरनेट बसलं!

मुली रडकुंडीला आल्या. शिरीन जिन्यावरून धावत वर गेली आणि झोपेतून उठवून वडिलांनाच घेऊन आली. त्यांच्या मोबाइलवर नेट होतं, पण तळघरात रेंज फक्त झरोक्याजवळ. सत्तारभाई हात वर करून, मोबाइल झरोक्याला लावून, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मी हे असलं बघणार नाही. लवकर उरका. यल्ला!"

ते उरकायला अडीच तास लागले. हात दुखला की हात बदलायचे, पण पाठ तशीच. मला वाटलं, आता भडकतील, फॉर्म फाडतील आणि पोरीचं जपान इथेच संपेल.

खेळ संपला. सत्तारभाईंनी मोबाइल खिशात टाकला, दारापर्यंत गेले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तो जांभळा शेवटी जगला का?"

*

मग तानाकासाहेब आले. बारीक, म्हातारे, माझ्याच वयाचे असतील. कोट घातलेला, हातात इंजिनांच्या कॅटलॉगची गुंडाळी. सत्तारभाई गाडीतून त्यांना घेऊन आले ते घाम पुसतच. मी दार धरलं. शिरीन लिफ्टसमोर उभी, मागे अदिती.

"सर, माय डॉटर," सत्तारभाई म्हणाले आणि पोरीकडे बघायला लागले.

शिरीनने तोंड उघडलं. आवाज नाही. ते वाक्य मला आठवत होतं, अदितीला आठवत होतं, कदाचित लिफ्टलाही आठवत असेल. तिला आठवेना! मी ओठ हलवून दाखवले. तिचं लक्षच नाही.

आणि एकदम तिने गुडघा टेकला. छातीवर मूठ. असा आवाज काढला की वरच्या मजल्यांवरची दोन दारं उघडली!

"ओ नो," अदिती पुटपुटली. "शी इज डूइंग द जनरल. नाटकातला तो सेनापती! पहाटेपासून मी हा दरवाजा राखतेय म्हणे. मी जिवंत आहे तोवर शत्रूचं पाऊल आत पडणार नाही म्हणे!"

सत्तारभाईंना अर्थ कळला नाही, पण साहेबांचा चेहरा दिसत होता. तो दगडासारखा. सत्तारभाईंनी डोळे मिटून घेतले. मला दार सोडवेना.

तानाकासाहेबांनी हळूच कोटाचं बटण सोडलं. कॅटलॉगची गुंडाळी कमरेच्या पट्ट्यात तलवारीसारखी खोचली. दोन पाय फाकवून उभे राहिले आणि त्या एवढ्याशा देहातून अशी गर्जना काढली की माझ्या खुर्चीखालची मांजर पळाली!

शिरीनने मान वर करून उत्तर दिलं. त्यांनी त्याला उत्तर दिलं. ती पुन्हा. ते पुन्हा. रस्त्यावरून जाणारे दोघे काचेला नाक लावून उभे राहिले.

शेवटी साहेब थांबले. धाप लागली होती. रुमालाने घाम पुसला.

सत्तारभाईंनी घाबरत विचारलं, "सर… हर जॅपनीज… ओके?"

"व्हेरी ओके," तानाकासाहेब गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी बिल्डिंगच्या दाराबाहेर, पार्किंगमध्ये, इकडेतिकडे नजर टाकली. "बट… व्हेअर इज हर हॉर्स?"

शिरीन अजून गुडघ्यावरच, वडिलांकडे बघत.

सत्तारभाईंनी लिफ्टचं बटण दाबलं आणि माल कुठून उचलायचा ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, "हॉर्स युअर साइड ओन्ली, सर. शी विल कम फॉर पिकअप."