कुकर पडला की उघडायचा

मंडळी, वर्षभर लॅपटॉपवर बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्स शिकून आज एकदाची कॉलेजच्या लॅबमध्ये पोचले!

ऑनलाइन वर्गात मी तोंडच उघडत नव्हते. इथे परदेशात, आर्नहेममधल्या माझ्या खोलीत ओटा टेबलाला खेटून. माईक चालू केला की नेमकी कुकरची शिट्टी व्हायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमचं कॉलेज छोटं, वर्गात जेमतेम दहाजण, तरी मास्कमुळे आज कुणी कुणाला ओळखेना. मॅडमनी ऑटोक्लेव्ह लावला. वाफेच्या दाबाने काचसामान निर्जंतुक करणारा मोठा कुकरच तो! "झाकण कधी उघडायचं?" त्यांनी विचारलं. हे तर मला झोपेतही सांगता येईल. मी इंग्रजीत ठणकावून म्हणाले, "पडल्यावर!"

सगळे घाबरून मागे सरकले.

"अहो, यंत्र नाही पडत," मी हसत समजावलं. "वाफ जिरली की आमच्या घरी 'कुकर पडला' म्हणतात."

"कुकर? म्हणजे ती शिट्टी तुझी!" शेजारची फेमके ओरडली. "वर्षभर विचारायचं होतं, त्यात शिजतं तरी काय?"

उद्या तिच्यासाठी वरणभाताचा डबा नेतेय. आता खरं सांगा, तुमच्याकडेही कुकर पडतोच ना?