कोंबड्यांना दारू पाजणाऱ्या चौघी

तुमसरच्या त्या चार पोरींचा तपास मी अजून विसरलेले नाही. सातवी पास हवालदार मी. पण चौकशी मुलींची असली की साहेब मलाच पाठवत.

मुलींच्या वसतिगृहातून रेक्टरबाईंचा फोन आला. त्या दुपारी बाजारातून परतल्या तर त्यांच्या कोंबड्या आडव्या पडलेल्या. "कोणीतरी विष घातलं," म्हणाल्या.

जाऊन पाहिलं. कोंबडा उभा होता, पण भिंतीला टेकून. चार नंबरच्या खोलीच्या खिडकीखाली घमेल्यात तांदळाची कणी होती, तिला मोहाच्या दारूचा वास. आमच्या भागात तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खोलीत रिकामी बाटली सापडली.

रेक्टरबाई म्हणाल्या, "आणणारीचं नाव द्या. आजच घरी पाठवते."

त्या खोलीतल्या चौघींना एकेक करून स्वयंपाकघरात बसवलं. पहिली म्हणाली, "बाई, बाटली संपल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलं होतं. मले आवडत नाही. पण बाकीच्या पिऊन राहिल्या, मी नाही म्हटलं तं गावठी म्हणतील." दुसरीनं तेच सांगितलं, तिसरीनंही.

चौथी नाकाडोंगरी गावची. बाटली तिनंच आणलेली. एम.ए.ची परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि बापानं स्थळ पाहून ठेवलेलं. घरी पाठवली की पुस्तकं बंद. ती रडायला लागली.

"मले तं वासानंच मळमळते. या पोरीईले लागते म्हणून आणली."

"मंग तुझा गिलास कुठं गेला?"

"खिडकीतून ओतला."

"कोणी पाहिलं नाही?"

"सगळ्याच आळीपाळीनं वारा घ्यायले खिडकीत जात होतो, बाई."

चौघींची तोंडं हुंगली. पोह्यांचा वास. मग समोरासमोर उभं करून एकमेकींचे जबाब ऐकवले. माना खाली घालून हसू लागल्या.

"काहून वं पोरीहो, एकीच्याही तोंडातून 'नाही' निघालं नाही?"

रेक्टरबाई नावासाठी अडून होत्या. मी कागद काढला. "लिहून घेते. दारू पिणारे: सात कोंबड्या, एक कोंबडा. मालक: तुम्ही. आता वसतिगृहात कोंबड्या पाळायची परवानगी दाखवा, मॅडम."

मॅडमनी नावाचा विषय सोडून चहा मांडला. नाकाडोंगरीच्या पोरीला मी बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा बाटली आणली तं मीच आत टाकीन."

गुन्हेगार सुटण्यासाठी खोटं बोलतो, हे नोकरीत रोज पाहिलं. या पोरी मैत्रिणींना खूश ठेवायला खोटं वागत होत्या, आणि खूश एकही नव्हती. आता कॉलेजात पोरींशी बोलायला बोलावतात तेव्हा दारूचे तोटे मी सांगत नाही. ते त्यांना पाठ असतात. विचारते, तुला स्वतःला पाहिजे का? आणि पहिली 'नाही' म्हणेपर्यंत थांबते. वेळ लागतो.

नाकाडोंगरीची ती पोरगी परीक्षा देऊन पास झाली. पुढचं तिनंच ठाण्यात येऊन सांगितलं. निकालानंतर पाहुणे पाहायला आले, तेव्हा चहाचा ट्रे ठेवून ती सरळ 'नाही' म्हणाली. बाप चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बी.एड.चा फॉर्म भरायला तोच तिला तुमसरला घेऊन आला.