सुंदरी कोण वाजवत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मला नीट कळत नाही.

तुम्ही सुंदरी ऐकलीय का? सनईच्याच जातीचं वाद्य, पण जेमतेम सव्वा वीत. आवाज बारीक, उंच — फुंक जराशी हलली की चिरकतो. आता वाजवणारे शोधूनही सापडत नाहीत. जुन्या जालन्यात आमचे बाबा वाजवायचे. मला शिकवण्यात त्यांनी वर्षं घातली. सनई आली. सुंदरी — नाही आली. वरचे सूर माझ्याकडून फाटायचेच.

आली ती रुख्माला, माझ्या धाकट्या बहिणीला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. भाकरी थापता थापता ऐकून शिकली. बाबा म्हणायचे, घरात वाजव, लोकांत नको. लग्न होऊन ती बदनापूरला निघाली, तेव्हा सुंदरी त्यांनी तिच्याच पिशवीत घातली. मला ते लागलं. लागलं म्हणजे — अजून लागतं.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी एका संगीत मंडळाचा फोन आला. बाबांची सुंदरी आता तुम्ही चालवता ना? मी हो म्हणालो. का म्हणालो? त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं. एका दुपारी बदनापूरला गेलो. रुख्माला म्हणालो, आठवण म्हणून मोबाइलवर घेऊन ठेवतो. तिनं दार लावून घेतलं आणि वाजवलं. ते मी माझ्या नावानं पाठवलं.

मंडळानं माझा सत्कार ठेवला. बोटाला पट्टी बांधून गेलो, लागलंय म्हणून सांगितलं. त्यांनी तेच रेकॉर्डिंग लावलं. मी शाल पांघरून डोळे मिटून बसलो. लोकांना वाटलं, रंगून गेलोय.

त्याचा व्हिडिओ रुख्मापर्यंत पोचला. मी तिच्याकडं गेलो — माफी मागायला? नाही. तिनं कुणाला सांगितलंय का, ते बघायला. तिनं चहा ठेवला. पाठमोरीच म्हणाली, "दादा, मधी एका जागी माझा दम तुटला व्हता. सांगितलं असतंस तर मी दुसऱ्यांदा वाजवलं असतं."

मग सुंदरी आणून माझ्यापुढं ठेवली. "तुझ्यापाशीच राहू दे. लोक बघायला मागतील."

मी ती घेतली. घेऊन आलो! त्यानंतर तिनं कधी वाजवलं नाही. वाजवणार कशावर?

मागच्या उन्हाळ्यात रुख्मा गेली. दहाव्याला तिच्या मुलीनं अंगणात सगळ्यांसमोर मोबाइलवर तेच रेकॉर्डिंग लावलं. म्हणाली, "मामा, आई रोज हेच ऐकायची. म्हणायची, माझा दादा वाजवून राह्यला."

सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. वाजवत होती ती रुख्मा — हे त्या भरल्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

मी मान डोलावली.