साहेब कुठे रडले होते

ओरेस्ते पिचिनेल्ली तुरुंगात गेला तेव्हा त्याच्या नावावर एक जुनी स्कूटर होती. ज्यांच्यापायी तो आत गेला त्या तर्क्विनिओ बेलसांतींच्या नावावर तेवढंही नव्हतं. जे काही होतं ते बायको, मेहुणा आणि सासूबाई यांच्या नावावर. साहेब मुळात विरक्त वृत्तीचे.

ओरेस्ते त्यांचा ड्रायव्हर. प्रांताचं आरोग्यखातं साहेबांच्या हातात आणि साहेबांची निळी सरकारी गाडी ओरेस्तेच्या हातात, अशी बरीच वर्षं गेली. इस्पितळांच्या चादरी धुणारे, रोग्यांना जेवण पुरवणारे, लिफ्ट दुरुस्त करणारे असे नाना प्रकारचे भाविक नाताळ जवळ आला की साहेबांना केकचे खोके पाठवत. साहेबांना मधुमेह होता, पण कुणाचं मन मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खोके डिकीत ठेवायचे ओरेस्तेने, घरी पोचवायचे ओरेस्तेने. काही खोके केकच्या मानाने भलतेच जड लागतात हे त्याला दुसऱ्याच नाताळात कळलं होतं. त्याने कधी विचारलं नाही. साहेब मागच्या सीटवरून त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत. ती चौकशी मनापासून असे. तिथेच तर सगळी पंचाईत होती.

पोलिसांनी गाडी अडवली त्या दिवशी साहेब नेमके गाडीत नव्हते. साहेबांनीच धाडलेल्या वकिलाने ओरेस्तेला समजावलं की सगळं कबूल कर, लवकर मोकळा होशील. त्याने कबूल केलं. आठ महिने तो आत राहिला आणि उरलेली शिक्षा घरात बसून भोगायची परवानगी मिळाली. घर म्हणजे रोमच्या चेंतोचेल्ले भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यांतल्या एकीत ओरेस्तेच्या सासूबाई. शिक्षेचा हा दुसरा भाग जास्त कडक होता असं ओरेस्ते पुढे मित्रांना सांगे.

साहेबांनी काहीच कबूल केलं नाही. त्यांचा खटला सावकाश चालत राहिला. न्यायाधीश बदलले, वकिलांच्या पाठीत उसण भरली, एका साक्षीदाराची आजी दोनदा वारली आणि एके दिवशी कायद्याने ठरवलेली मुदतच संपली. साहेब दोषी ठरले नाहीत, निर्दोषही ठरले नाहीत. प्रकरण नुसतं शिळं झालं. त्यांनी शॅम्पेन मात्र ताजी उघडली. या सगळ्या काळात ओरेस्तेला त्यांचा एक फोन आला नाही. त्याला शहराबाहेरच्या घाऊक मंडईत भाजीचा टेम्पो चालवायचं काम मिळालं आणि तो त्या कामाला लागला.

अशात एक दिवस कमिल्ला नावाची बाई त्याच्या दारात आली. ती टीव्हीसाठी मालिका लिहायची. भ्रष्टाचारावर, राजकारणावर, अगदी आतून, कुणाचीही भीड न ठेवता, असं काहीतरी तिला करायचं होतं. नेत्यांवर मालिका खूप झाल्या, म्हणाली, मला ड्रायव्हरच्या नजरेतून हवंय. ओरेस्तेला आजवर पोलीस आणि सरकारी वकील यांच्याखेरीज कुणी एवढं मन लावून ऐकलं नव्हतं. तो बोलत सुटला. खोके, रस्ते, हॉटेलांची मागची दारं, सगळं सांगितलं. कमिल्ला कॉफी थंड होऊ देत लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि तुम्हाला पकडल्यावर? ते काय म्हणाले तुम्हाला?"

ओरेस्तेची बायको लोरेदाना सिंकपाशी भाजी धूत होती. तिने नळ बंद केला.

ओरेस्तेला खरं सांगता आलं असतं. पण ज्या माणसासाठी आपण तुरुंगात गेलो त्याला आपली आठवणसुद्धा झाली नाही, हे परक्या बाईसमोर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, बायकोच्या देखत म्हणायला जीभ रेटेना. "साहेब आले होते," तो म्हणाला. "स्वतः. मला मिठी मारली आणि रडले. लहान पोरासारखे."

कमिल्लाचे डोळे भरून आले. हेच तिला हवं होतं. ती गेल्यावर लोरेदानाने पुन्हा नळ सोडला आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "रुमाल तरी होता का रे त्यांच्याकडे? की तुझ्याच शर्टाला पुसलं?"

मालिका उभी राहिली. ड्रायव्हरच्या भूमिकेसाठी साव्हेरिओ नावाचा नट निवडला. पन्नाशीचा, नापोलीकडचा. आयुष्यभर वेटर, पाद्री आणि पहिल्याच भागात मरणारे इसम केलेला. तो काही आठवडे ओरेस्तेच्या टेम्पोत शेजारी बसून फिरला. ओरेस्ते चालतो कसा, खाकरतो कसा, गाडी उभी करून आरशात बघतो कसा, सगळं त्याने उचललं. जेवायलाही तो त्यांच्याकडेच असे. लोरेदानाला तो आवडला, कारण तो ताट स्वतः धुवायचा. आपलाच नवरा दुरुस्त होऊन आल्यासारखा वाटतो, असं ती बहिणीला म्हणाली.

मालिका सुरू झाली आणि बेलसांतींच्या वकिलाची कडक नोटीस आली. आमच्या अशिलाची बदनामी थांबवा. मग सहावा भाग लागला. त्यात तुरुंगाच्या दाराशी, पावसात, नेता आपल्या ड्रायव्हरला मिठी मारून हमसाहमशी रडतो. त्या रात्री अर्धी इटली रडली. जिचा नवरा बेलसांतींच्या इस्पितळात चादरीविना मेला ती तळमजल्यावरची विधवाही रडली. चोर आहे मेला, म्हणाली, पण काळीज आहे त्याला. दुसऱ्या दिवशी बेलसांती कॉफी प्यायला बाहेर पडले तर लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या. नोटीस मागे घेण्यात आली. ती कारकुनाच्या चुकीने गेली होती म्हणे.

पुढचं भराभर घडलं. साहेब मुलाखती देऊ लागले. त्या प्रसंगाबद्दल मला बोलायला आवडत नाही, असं ते दर मुलाखतीत सविस्तर सांगत. वसंतात निवडणूक लागली. त्यांच्या पोस्टरवर ना पक्ष होता ना कार्यक्रम, नुसता ओल्या डोळ्यांचा फोटो.

आणि मग इतक्या वर्षांनी ओरेस्तेला फोन आला. त्याने ठेवणीतला कोट घातला. लोरेदानाने कॉलर नीट केली. वाटेत त्याने मनाशी जमवलं होतं की साहेब माफी मागतील, मग आपण थोडा वेळ गप्प राहायचं, लगेच "असू द्या" म्हणायचं नाही.

साहेबांनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर घालवलं. आईचा गुडघा कसा आहे विचारलं. आई वारली, असं ओरेस्तेने सांगितलं. अरेरे, म्हणाले, आणि खुर्ची जवळ ओढली.

"ओरेस्ते, एक सांग. मी कुठे रडलो होतो? तुझ्या घरी की तुरुंगाच्या दाराशी?"

ओरेस्तेने कोटाचं वरचं बटण सोडलं.

"पत्रकार हल्ली फार खोलात शिरतात रे. तू एक सांगणार, मी एक सांगणार, उगाच घोटाळा. आपलं दोघांचं एक असावं."

"दाराशी, साहेब," ओरेस्ते म्हणाला.

"पाऊस होता?"

"होता. बारीक."

"बारीक," साहेबांनी मान डोलावली. मग खिडकीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आठवतोय मला तो पाऊस." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. निघताना त्यांनी ओरेस्तेला सही केलेला फोटो दिला आणि लिफ्टपर्यंत पोचवायला आले. लिफ्ट बंद होती.

घरी आल्यावर लोरेदानाने विचारलं, काय मिळालं? ओरेस्तेने फोटो दाखवला. ती म्हणाली, "तू त्यांना अश्रू दिलेस, तेही फुकट. चादरीवाल्यांनीसुद्धा एवढं दिलं नव्हतं."

साहेब निवडून आले, तेही भरघोस मतांनी. आरोग्यखातं त्यांना पुन्हा देणं बरं दिसलं नसतं, म्हणून संस्कृतीखातं दिलं. सिनेमा आणि मालिकांना सरकारी अनुदान वाटणारी समिती त्याच खात्याखाली येते. भ्रष्टाचाराचं निर्भीड चित्रण करणाऱ्या त्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाला अनुदान मंजूर झालं. कसलीही अट घातली नव्हती, फक्त मित्रत्वाच्या नात्याने दोन सूचना केल्या होत्या. नेता आता प्रायश्चित्ताच्या वाटेवर असावा. आणि ड्रायव्हर वारला तर कथेला उंची येईल.

कमिल्ला स्वतः सांगायला आली. पेस्ट्रीचा खोका घेऊन आली होती आणि तिच्याने मान वर करवत नव्हती. हृदयविकाराने जातो, म्हणाली, झोपेत, अजिबात त्रास होत नाही. ओरेस्तेने तिला धीर दिला.

स्वतःचा अंत्यविधी त्याने कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसून सगळ्यांबरोबर पाहिला. शवपेटी उत्तम लाकडाची होती. चर्च भरलेलं. पडद्यावरच्या नेत्याने शवपेटीवर हात ठेवून असं भाषण केलं की बारवाल्याने सगळ्यांना एकेक पेला स्वतःच्या खर्चाने पाजला. लोक ओरेस्तेपाशी येऊन हात दाबत होते. कुणी त्याचं सांत्वन केलं, कुणी लोरेदानाचं. पडद्यावरच्या विधवेला नेत्याने स्वतः खटपट करून पेन्शन मिळवून दिली तेव्हा लोरेदाना उठली. "बघ," ती म्हणाली, "तू वेळेवर गेला असतास तर माझं भलं झालं असतं." आणि ती घरी निघून गेली. ओरेस्ते मात्र शेवटची नावं सरकून जाईपर्यंत बसून राहिला. त्या नावांत त्याचं कुठेच नव्हतं.

आता साव्हेरिओचं काम गेलं होतं. मेलेल्या माणसाला दुसऱ्या मालिकेत लगेच घेत नाहीत, प्रेक्षक गोंधळतात. महिनाभर वाट पाहून तो ओरेस्तेकडे आला आणि जेवताना खालमानेने म्हणाला की टेम्पो चालवायला येतो मला, तूच शिकवलंयस. ओरेस्तेने मालकाला विचारलं. मालकाने नाव ऐकताच होकार दिला आणि ओरेस्तेपेक्षा थोडा जास्त पगारही.

पहिल्या दिवशी दोघे पहाटे मंडईत शिरले आणि गाळ्यागाळ्यांतून लोक बाहेर आले. साव्हेरिओभोवती गर्दी झाली. आठ महिने आत काढलेस रे बाबा, किती सोसलंस, असं म्हणून एका म्हाताऱ्या बाईने त्याचे गाल कुरवाळले. तो सांगत होता की अहो, मी नव्हे, हा, हा खरा. लोक ओरेस्तेकडे बघून भलेपणाने हसत होते. किती नम्र आहे बघा, म्हणत होते, श्रेय दुसऱ्याला देतोय. आर्टिचोक नावाची कमळकळीसारखी भाजी विकणाऱ्याने निवडक मालाची पेटी साव्हेरिओसाठी बाजूला काढली, पैसे घेईना. साव्हेरिओ ती उचलायला वाकला तसा आर्टिचोकवाला ओरेस्तेवर खेकसला.

"अहो, तुम्ही उचला ना! या माणसाचं काळीज कमजोर आहे, पाहिलं नाहीत का?"

साव्हेरिओचा चेहरा पडला. "सांग ना त्यांना," तो पुटपुटला.

ओरेस्तेने पेटीतला एक आर्टिचोक उचलला, देठ दाबून पाहिला, पाकळ्या पाहिल्या. माल खरोखरच चांगला होता. "राहू दे," तो म्हणाला, "लोरेदाना आज हेच करील." आणि पेटी खांद्यावर घेऊन तो टेम्पोकडे चालू लागला.