मिटवणीकाकांचा बाक

आमच्या काकांचं दुकान चष्म्यांचं, पण गर्दी असायची भांडणांची. सासू-सुना, मालक-भाडेकरू, नळाच्या पाण्यावरून पेटलेले शेजारी, सगळे तिथेच यायचे. गल्लीने त्यांचं नाव ‘मिटवणीकाका’ ठेवलं होतं आणि काका ते पदवीसारखं मिरवायचे.

पद्धत ठरलेली. काउंटरसमोर एक अरुंद बाक होता. दोन्ही पक्षांनी त्यावर शेजारी-शेजारी बसायचं, चहा घ्यायचा आणि थोडं याने, थोडं त्याने सोडायचं. मांडीला मांडी लागली की माणसं आपोआप वरमतात, असा काकांचा सिद्धान्त. काकूचं मत वेगळं होतं. तिच्या मते काकांची बडबड थांबावी म्हणून लोक काहीही कबूल करायचे.

एका दुपारी वरच्या मजल्यावरचे शेजारी मुलीला घेऊन आले. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिथल्या मुकादमाने कपड्यांच्या खोलीचं दार लावून तिच्यावर जबरदस्ती केली होती. तिला पोलिसांत जायचं होतं. वडिलांना मात्र गवगवा नको होता. “पोरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होईल हो,” ते म्हणाले, “तुम्हीच काहीतरी करा.”

आणि आमच्या थोर काकांनी काय करावं? मुकादमाला बोलावणं धाडलं आणि चहा सांगितला.

“अहो, अक्कल गहाण ठेवलीत का?” काकू आतून ओरडली. पण मिटवायची संधी आली की काकांना ऐकू कमी यायचं.

मुकादम येऊन बाकावर ऐसपैस बसला. काकांनी मुलीला त्याच्या शेजारची जागा दाखवली. “बस गं बाळा.” हे सांगताना मला आजही काकांचा संताप येतो.

ती उभीच राहिली.

“रोज हसून बोलायची,” मुकादमाने सुरुवात केली. “आणि तेव्हा तरी नाही कुठे म्हणाली? गप्पच होती.”

काका तिच्याकडे वळले. “बाळा, निदान आरडाओरडा तरी करायचा होतास.”

“आवाजच फुटला नाही, काका,” ती म्हणाली. “मागे माझा चष्मा सैल झाला होता. दांडी कानामागे बसवायच्या आधी तुम्ही विचारलंत, हात लावू का म्हणून. मी फोनमध्ये होते, काहीच बोलले नाही. मी गप्प होते, तर तुम्ही हात न लावता थांबलात ना?”

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

“जाऊ द्या हो,” मुकादम म्हणाला, “थोडं तिने सोडावं, थोडं मी सोडतो.”

“मी काय सोडू, काका?” तिने विचारलं.

काकांनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. “ऊठ. चालता हो.”

तो पाय आपटत गेला. वडील रडकुंडीला आले. “अहो, पण लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतात ते सगळं आत्ता मीच म्हणून झालं,” काका म्हणाले. “ऐकलंत ना? कसं वाटलं?”

पोलीस चौकीवर आम्ही चौघं गेलो: ती, तिचे वडील, काका आणि मी. तिथले साहेब काकांना ओळखत होते. ते कौतुकाने म्हणाले, “अहो, तुम्ही असताना हे इथवर कशाला आणलंत? बसवा की दोघांना समोरासमोर.”

एरवी एवढ्या कौतुकावर काका आठवडाभर फुगून फिरले असते. आता मान खाली घालून म्हणाले, “बसवायला निघालो होतो, साहेब. मोठी चूक केली. हिची तक्रार लिहून घ्या.”

साहेबांनी नाइलाजाने कागद पुढे ओढला. ती पहिल्यापासून सांगू लागली. खोलीच्या दारापाशी आली आणि अडखळली. साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. “पुढे काय? बोल लवकर.”

“थांबा,” काका म्हणाले. “ती बोलेल तेव्हा बोलेल.”