त्रिकोणामागचं जहाज

म्हैसूरला हिनकलजवळच्या ऑफिसात बसून मी सात वर्षं जहाजं हलवत होते. पडद्यावरची. आमची कंपनी जहाजांसाठी इलेक्ट्रॉनिक नकाशे आणि मार्ग ठरवणारी प्रणाली बनवते. ती तपासणं माझं काम. प्रत्येक जहाज म्हणजे एक छोटा त्रिकोण. दोन त्रिकोण एकमेकांवर नेऊन आदळवायचे आणि इशारा वेळेवर येतो का ते बघायचं. खरं मोठं जहाज मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. म्हैसुरात ते दिसणार तरी कुठं?

मग आमच्या प्रणालीच्या एका चाचणीसाठी मला कोलंबोहून सिंगापूरला जाणाऱ्या मालवाहू जहाजावर पाठवलं. कप्तान रत्नागिरीकडचे निघाले. माझी दोन वाक्यं ऐकून त्यांनी विचारलं, "तुमचं मराठी कुठलं हो?"

"म्हैसूरचं. पिढ्यान् पिढ्या तिथंच आहोत. अर्धं कन्नड मिसळलंय."

"मिसळू दे. कळतंय ना."

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मलाक्काच्या सामुद्रधुनीत होतो. पुढं जहाजं, मागं जहाजं, शिवाय मासेमारीच्या होड्या. तेवढ्यात पावसाची दाट सर आली आणि काचेपलीकडचं सगळं पुसलं गेलं. कप्तानांनी भोंगा चालू केला, टेहळणीला आणखी एक माणूस उभा केला.

पडद्यावर किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्राचा निरोप उमटला. उजवीकडून एक तेलवाहू जहाज आमची वाट ओलांडणार होतं. दोन्ही जहाजांनी आधी पाठवलेले मार्ग ताडून केंद्रानं कळवलं होतं, की पाऊण तासानं दोघं एकाच जागी पोचाल. तुम्ही वेग कमी करा. तसाही सिंगापूरचा धक्का दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामा होणार नव्हता, घाई करून उपयोग नव्हता.

कप्तानांनी रडार पाहिलं, नकाशा पाहिला, पुन्हा रडार पाहिलं. मग वेग कमी करायला सांगितलं. पायाखालची थरथर हळूहळू मंदावली.

"पूर्वी आम्ही जीव खाऊन पळायचो," ते म्हणाले, "आणि बंदराबाहेर नांगर टाकून दोन-दोन दिवस धूर ओकत बसायचो. आता तेल कमी जळतं, हवाही कमी काळी होते."

माझी नजर पडद्यावर, त्या तेलवाहू जहाजाच्या त्रिकोणावर होती. बाहेर नुसता पांढरा पाऊस.

सर ओसरली आणि पडद्यानं दाखवलं होतं तिथंच, आमच्या पुढून, ते जहाज निघालं. आधी टोक, मग लांबच लांब तांबडी भिंत. ती सरतच होती, संपत नव्हती. तिच्या कठड्याशी एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालत होता. मी काचेला चिकटून बघत राहिले. त्रिकोणात माणसं असतात, हे मला ठाऊक होतं. पण ते पहिल्यांदा कळलं त्या दिवशी.

"बसा जरा," कप्तान म्हणाले. मला बसवेना.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. "हौदा?" म्हणाली. तिचं 'असं का?' नेहमी कन्नडमध्येच येतं. "आपल्या गल्लीएवढं लांब जहाज, आणि किनाऱ्यावरनं कुणीतरी सांगितलं, हळू जा म्हणून?"

"हो."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"ऐकलं, आई."

"एवढं मोठं असून!" म्हणत ती पुन्हा भाजी चिरायला लागली.