रापणीतला वाटा

बाजारात बांगडा मासळीची टोपली दिसली की ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर उभे राहते. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि मालवण किनाऱ्यावर आम्हा पोलिसांचा निम्मा वेळ चोरट्या दारूच्या मागे जायचा. एके दिवशी आमच्या नेहमीच्या खबऱ्याने वर्दी आणली. किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या एका घरातून जाळे चोरीला गेले होते, आणि सकाळी सगळे रापण, म्हणजे गावाचे मोठे सामाईक जाळे, दोरांनी किनाऱ्यावर ओढत असताना एक घाटी माणूस त्या घरामागून गाठोडे नेताना त्याने स्वतः पाहिला होता.

त्या घरचा कर्ता पुरुष दुखण्यातून नुकता उठलेला, होडी लोटायच्या बेतात. जाळे मिळाले नाही तर अख्खा हंगाम बुडणार होता. ते मिळवायचेच, असे मी मनाशी ठरवले.

घाटी माणूस एस.टी. थांब्यावर सापडला. काम शोधायला आलो, सकाळभर रापणीचा दोर ओढत होतो, एवढेच म्हणे. आमच्याकडची रीत अशी, की रापणीच्या दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माशांचा वाटा मिळतो, मग तो गावचा असो की वाटसरू. याच्याकडे एकही मासळी नव्हती.

"तुझा वाटा कुठे?"

"दिला एका बाईला. हाताला फडकं होतं तिच्या, दोर वढता येत नव्हता."

"आणि तू काय खाणार होतास?"

"मासं घेऊन काय करू साहेब? चूल कुठं हाय माझी?"

हवालदार हसला. मी दरडावले, उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा दर खेपेला काहीतरी जास्तीचे घालतो. याने काही घातले नाही.

तेवढ्यात जाळ्याची मालकीण फिर्याद द्यायला आली. उजवा हात भाजलेला, फडक्यात गुंडाळलेला. त्याला पाहून ती दारातच थबकली.

"साहेबानू, ह्येका कित्याक धरलात? ह्येनाच माका आपलो वाटो दिल्यान! सुरवातीपासून दोरार होतो, मी बघी होतंय."

"बाई, संशयित हाच एक आहे. याला सोडला तर जाळे कुठे शोधू?"

"जाळा गेला तर जावंदे. पण ह्येका सोडा."



मग मी रापणीच्या म्होरक्याला गाठले. आज नेहमीच्यांपैकी वाटा न्यायला कोण आला नाही, एवढेच विचारले. त्याने आमच्या खबऱ्याचे नाव घेतले. दोर कधी न चुकवणारा तो गडी त्या सकाळी किनाऱ्यावर फिरकलाच नव्हता. त्याला समोर बसवून म्हटले, "सगळा गाव दोरावर असताना तू त्या घरामागे काय करत होतास?" दिवस मावळायच्या आत त्याने खाडीकाठी झावळ्यांखाली दडवलेले जाळे काढून दिले.

पुढे मोठमोठे गुन्हे हाताळले. पण सांगून ज्याला काहीच मिळणार नाही, उलट गमवावे लागेल, त्या साक्षीदाराचे आधी ऐकायचे, हे मी त्या दिवशी शिकलो. नोकरीभर ते सोडले नाही.

जाळे ताब्यात घेऊन बाई निघाली, तेव्हा तो माणूस ठाण्याच्या पायरीवर बसला होता. हवालदाराने त्याचे मघाचे बोलणे तिच्या कानावर घातले होते.

"ऊठ रे भावा," ती म्हणाली, "चूल माझ्या घराक आसा."